फुले ताठ, निळी

माझ्या मावशीला वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात सगळे डिंकमावशी म्हणत. एकतीस वर्षं तिनं एकच काम केलं. डोंगरातून दाबून, वाळवून आणलेली झाडं जाड पांढऱ्या कागदावर डिंकानं चिकटवायची, जाड देठाला दोऱ्याचा टाका घालायचा, गळलेलं बी पुडीत बांधून कोपऱ्यात लावायचं. तिथल्या कपाटांत चाळीस हजार कागद आहेत, निम्म्याहून जास्त तिच्या हातचे. डोंगर मात्र तिनं कधी पाहिला नाही. डिंकवालीला डोंगरावर कशाला न्यायचं?

मी त्याच ऑफिसात टायपिस्ट. म्हणून पुढचं सगळं मला माहीत आहे, आणि म्हणूनच आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

ज्या झाडापायी हे झालं ते जेमतेम वीतभर. थंडीत त्याचा वरचा पाला मरतो, मूळ दगडाच्या फटीत जिवंत राहतं आणि दर वर्षी त्याच जागी पुन्हा फुटतं. फुलं घंटेच्या आकाराची, निळी. एका कड्यावर आमच्या साहेबांना ते सापडलं, त्याआधी कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढं श्रेय त्यांचं, मी नाकारत नाही. पण रद्दीत दाबताना त्यांनी फुलांच्या माना सरळ केल्या, फोटोवाला हनुवटी वर करायला लावतो तशा. ती तशीच वाळली. तीन वर्षांनी डोंगरातल्या झाडांचं पुस्तक लिहायला बसले तेव्हा साहेब पुन्हा कड्यावर गेले नाहीत. कपाटातला कागद समोर घेतला आणि लिहिलं, ‘फुले ताठ, निळी.’

मावशीनं माझ्या टेबलावर ते वाचलं आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

“साहेब, हे फूल ताठ नसणार. खाली मान घालत असणार.”

“तुम्ही बघितलंय ते कड्यावर?”

“नाही. पण बोंड बघितलंय, भिंगातून. बी पडायची भोकं देठाजवळ आहेत. म्हणजे बोंड उलटं लोंबतं, भोकं वरच्या बाजूला राहतात आणि वारा आला की थोडं थोडं बी उडतं. ताठ असतं तर पिकल्याबरोबर सगळं बी बुडाशीच सांडलं असतं.”

साहेब हसले. “मावशी, तुम्ही तुमचा डिंक बघा. हल्ली पातळ होतोय.”

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “एक शब्द बदल. ताठ काढ, झुकलेली टाक. तो परत वाचायचासुद्धा नाही.”

ती बरोबर आहे हे मला कळत होतं. पण माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी ‘ताठ’च टाइप केलं. दोन अक्षरं.

पुस्तक छापलं. दोन वर्षांनी त्याच कड्यातून रस्ता काढायचं ठरलं. हे झाड तिथं अजून असेल तर रस्ता वळवायचा, असा नियम होता. पाहणीला आमच्या ऑफिसातले दोघं गेले, ऐन फुलांच्या दिवसांत, हातात आमचं पुस्तक घेऊन. त्यांचा अहवाल साहेबांच्या सहीआधी टाइप करायला माझ्याकडेच आला. ‘सुमारे दोनशे झाडे आढळली, परंतु फुले खाली झुकलेली आहेत. सबब हे पुस्तकातील झाड नव्हे.’

मी तो कागद घेऊन मावशीकडे धावले. ती साहेबांकडे गेली.

“ती आपलीच झाडं आहेत. सही करू नका. एकदा जाऊन बघून या.”

“पुस्तक छापून झालंय, मावशी.”

एवढंच उत्तर. त्यांनाही कळलं होतं, मी त्यांचा चेहरा पाहिला. पण चूक कबूल करण्यापेक्षा डोंगर फोडणं सोपं. त्यांनी सही केली. मावशीनं रस्त्याच्या कचेरीला स्वतःच्या हातानं तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, ‘आपले पद कळवावे.’ तिनं कळवलं. पुढं उत्तर आलं नाही. महिन्याभरात सुरुंग लागले. थंडीला पुरून उरणारं मूळ सुरुंगाला कसं पुरणार?

मावशी निवृत्त झाली त्या दिवशी साहेबांनी तिच्या कामाचं कौतुक केलं आणि भेट म्हणून एक तसबीर दिली. पुस्तकातलंच चित्र, मोठं करून काचेत बसवलेलं. निळी फुलं, ताठ. मावशीनं ते नीट पाहिलं आणि टेबलावर उलटं उभं केलं.

“मावशी, उलटं झालं,” साहेब म्हणाले. “मुळं वर आलीत.”

“मुळं वरच आलीत, साहेब. तुमच्या सहीनं. फुलं मात्र आता बरोबर आहेत.”

सगळ्यांनी चहाचे कप तोंडाला लावले. मीही.

ती तसबीर आता आमच्या बाहेरच्या खोलीत उलटीच टांगलेली आहे. येणारा प्रत्येक पाहुणा ती सरळ करायला उठतो. मावशी त्याला खाली बसवते, माझ्याकडे बोट दाखवते आणि म्हणते, “का उलटी आहे ते हिला विचारा. टाइप हिनं केलंय.”