आईची साक्ष

माझ्या आईची गाठ पप्पांनी एका रविवारी बरी केली आणि तिथून पुढं ती वाढतच गेली.

पप्पा छावणीतल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. सुरुवातीला पाळक म्हणून ते चांगलेच होते. मयताला सगळ्यांच्या आधी पोचायचे, नवराबायकोची भांडणं मिटवायचे, चितेगावपर्यंत सायकल हाणत जाऊन आजाऱ्यांपाशी बसायचे. तिथल्याच एका बाईचा ताप त्यांनी डोक्यावर हात ठेवल्यावर उतरला. ताप उतरतच असतात. पण त्या बाईनं उपासनेत उभं राहून साक्ष दिली, मग दुसरीनं दिली, आणि बघता बघता लोकांनी पप्पांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. वाळूजला कारखाने आल्यावर बजाजनगरच्या खोल्यांतूनही माणसं यायला लागली. पप्पांचा आवाज बदलला. जेवताना मीठ मागायचं तरी ते व्यासपीठावरून मागितल्यासारखं मागत.

आमच्याकडे साक्षीचा एक नियम होता. पप्पांनी प्रार्थना केली की ज्याचं दुखणं त्यानं सगळ्यांसमोर "मी बरा झालो" असं आपल्या तोंडानं म्हणायचं. दुखत असलं तरी म्हणायचं, कारण म्हणण्यातच विश्वास. एकदा म्हटलं की दवाखाना बंद. त्यानंतर जो डॉक्टरकडे गेला त्यानं साक्ष मोडली. त्याला मागच्या बाकावर बसवत आणि प्रभुभोजनाची भाकर त्याला मिळत नसे. पप्पांची स्वतःची दाढ ठणकली तेव्हा मात्र ते गुपचूप शहागंजच्या डॉक्टरकडून ती उपटून घेऊन आले. दाढेसाठी त्यांनी प्रार्थनाच केली नव्हती, त्यामुळे नियम शाबूत राहिला.

आईनं छातीतली गाठ आधी त्यांनाच दाखवली. तिला वाटलं, ते म्हणतील, चल दवाखान्यात. ते म्हणाले, "रविवारी बघू." रविवारी त्यांनी तिला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवून घाम येईस्तोवर प्रार्थना केली आणि म्हणाले, "आता सांग मंडळीला."

आई मुलखाची लाजाळू. एवढ्या बाप्यांसमोर ती छातीचं नाव कसं काढणार? "गाठ होती. आता न्हाई," एवढंच ती म्हणाली आणि पदर ओढून खाली बसली. हालेलूयाच्या गजरानं वरचे पत्रे हादरले.

मी तेव्हा नववीत होते. अंघोळीच्या वेळी आई मला पाठ चोळायला बोलवायची, त्यामुळे गाठ बोराएवढी होती तेव्हाही मी पाहिली आणि लिंबाएवढी झाली तेव्हाही.

"आई, ती हाय की गं अजून."

"गप. साक्ष दिलीय म्या."

मग ती ब्लाऊज ढगळ शिवू लागली. पप्पांना काही माहीत नव्हतं, असं आमच्यातले काही जण अजून म्हणतात. मी त्यांना म्हणू देत नाही. एका घरात राहणाऱ्या नवऱ्याला दिसत होतं. पण ते कबूल केलं असतं तर बायकोच्या साक्षीबरोबर सगळीच चमत्कारांची दुकानदारी बसली असती.

पुढं तर कहरच झाला. कुणा बाईला गाठ असली की लोक तिला आमच्या घरी धाडायला लागले. पप्पा स्वयंपाकघराकडे बघून हाक मारायचे, "अगं, सांग यांना, तुला प्रभूनं कसं बरं केलं." आई कणकेचे हात पुसत यायची आणि सांगायची. सांगताना ती कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही.

एकदा बजाजनगरहून एक तरणी बाई आली, कडेवर तान्हं लेकरू. आईनं नेहमीसारखं सांगितलं. मग चहाचं निमित्त करून तिला आत आणलं, तिचा हात धरला आणि आपल्या पदराखाली गाठीवर ठेवला.

"बघ. गेली न्हाई. तू उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. लेकराकडं बघ."

ती बाई दवाखान्यात गेली. तिचं ऑपरेशन झालं, ती वाचली. स्वभावानं भोळी. पाळकीणबाईंनी माझा जीव वाचवला, असं ती ज्याला त्याला कौतुकानं सांगत सुटली.

पुढच्या प्रभुभोजनाला पप्पा भाकरीचं ताट घेऊन बायकांच्या रांगेतून आले. आईनं हात पुढं केला. ताट तिच्यासमोर जरासुद्धा न थांबता शेजारणीपुढं गेलं. आईचा हात तसाच राहिला, मग तिनं तो हळूच मांडीवर घेतला. मला त्या माणसाचा असा राग आला की घशात भाकर अडकावी तसा तो अडकला, अजून तिथंच आहे. बाहेर पडताना मंडळीचे पंच एकमेकांना म्हणत होते, "याला म्हणतात पाळक! सोताच्या बायकोलाबी सूट न्हाई." पप्पांचा मान दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी आईनं शेजारच्या खालांना हाक मारली. "साक्ष मोडलीच हाय," ती म्हणाली, "आता दवाखान्याला काय भ्यायचं?" खालांनी गाठ बघितली आणि कपाळावर हात मारला. "अगे, इत्ते दिन छुपाके बैठी? चल, उठ." त्यांनीच रिक्षात घालून आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि खालांना बाजूला घेतलं. रोग हाडांत उतरला होता. आता कापण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवसांत पप्पा एकदा खाटेपाशी आले आणि सवयीनं त्यांनी तिच्या डोक्याकडे हात नेला. आईनं तो बाजूला सारला. त्या काडीसारख्या हातात एवढं बळ कुठून आलं कुणास ठाऊक.

"तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करू नका," ती म्हणाली. "जित्तेपणी नको अन् मेल्यावर बी नको."

पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यापुरता मला सायकलवरून चितेगावला जाणारा माझा बाप दिसला आणि त्यांची दया आली.

मयताला त्यांनी खरंच तोंड उघडलं नाही. दफनाची प्रार्थना एका म्हाताऱ्या पंचानं केली, पप्पा मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी त्यांनी तिचं ऐकलं.

रविवारी ते व्यासपीठावर चढले. म्हणाले, "शेवटच्या घटकेला माझ्या पत्नीनं माझा हात धरला. म्हणाली, काही झालं तरी तुम्ही प्रार्थना थांबवू नका."

मंडळी हुंदके देऊन रडली. पप्पांनी डोळे पुसले आणि आजाऱ्यांना पुढं बोलावलं. रांग दारापर्यंत गेली.