भावजींनी उभी केलेली बाई

बायकांकडे इतकं टक लावून बघूनही एकाही बाईची शिवी न खाल्लेला पुरुष अख्ख्या पेडणे तालुक्यात एकच, आमचे भावजी. माझे हे चुलतदीर. कोरगावात जत्रेच्या नाटकांतून तरुणपणी ते बाईची कामं करायचे, आणि त्यांची प्रत्येक बाई आमच्या वाड्यावरूनच उचललेली असायची. राणी शालू सावरायची ती माझ्या सासूसारखी, सवत नाक मुरडायची ती शिळे उंडे दिले म्हणून पाववाल्या पोदेराशी भांडणाऱ्या आमच्या शेजारणीसारखी. पुढच्या रांगेत बसून आम्ही आपापल्या खोडी ओळखायचो आणि दुसरीकडे बोट दाखवायचो. एकदा मी विहिरीवर कळशी उचलत होते नि भावजी आपले बघताहेत. म्हटलं, "भावजी, मान अवघडेल तुमची." तर म्हणतात, "वैनी, जरा परत उचला. कमरेचं कळलं, श्वासाचं राहिलं." काय करता, भरलेली कळशी ओतली आणि पुन्हा भरली.

या सगळ्यात त्यांची स्वतःची बायको, माझी जाऊ, तेवढी कधी आली नाही. मी एकदा विचारलंही. "ती काय, घरातच आहे," म्हणाले. मग ती गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन, आणि त्यानंतर भावजी कुणाकडेच बघेनासे झाले.

यंदा स्पर्धेसाठी उच्च माध्यमिकची मुलं त्यांना नाटक बसवायला घेऊन गेली. नाटकात एक घरधनीण आहे. बोलणं थोडं, सगळा अंक नुसती घरात वावरते. ते काम करणाऱ्या मुलीने विचारलं, "आजोबा, ही चालते कशी?" भावजी म्हणाले, "थांब, आमच्या हिची चाल देतो तुला," आणि उठून उभे राहिले ते उभेच. माझी चाल आली, शेजारणीची आली. बायकोची काही येईना.

संध्याकाळी माझ्या दारात. "वैनी, ती हात कशाला पुसायची?" मी म्हटलं, पदराला. शेजारीण म्हणाली, "छे गो, केसांवरून फिरवायची." काजूच्या बागेत तिच्यासोबत जाणारी म्हणाली, चाल भरभर होती, देवळापाशी फुलं विकणारी म्हणाली, सावकाश. ज्याच्याकडे ती जेवढी उरली होती तेवढी त्याने दिली. भावजींनी ती सगळी जोडली आणि मुलीकडून घोटून घेतली. मध्येच म्हणायचे, "तशी नव्हे गो बाये." मग कशी, ते मात्र त्यांना सांगता यायचं नाही.

डिचोलीला प्रयोग झाला, मीही गेले होते. मुलगी पदराला हात पुसत आली, नवऱ्यापुढे पेज ठेवली आणि तो जेवेपर्यंत दाराला टेकून त्याच्याकडे बघत राहिली. ते बघत राहणं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मुलीला बक्षीस मिळालं, मुलं भावजींच्या पाया पडली.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले होते. तिकडेच बघत म्हणाले, "बाई बरी उभी राहिली, वैनी. पण आता डोळे मिटले की हीच पोर दिसते. आधी काहीच दिसायचं नाही, पण ती जागा तरी आमच्या हिची होती."

जावेच्या आणखी एकदोन लकबी मला त्या प्रयोगात आठवल्या होत्या. सांगणार होते. सांगितलं नाही.