सरकलेला मंगळ
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मालाडची ती दुपार आठवते. ताईला मुलगा आवडला होता. त्याच्या आईला फाईल उघडेना, म्हणून ताईची पत्रिका मी कॉपी करून मेलमध्येच चिकटवली. पाठवल्यावर फोनवर पाहिलं, तर चौकटी मोडलेल्या आणि तिसऱ्या घरातला मंगळ थेट सातव्यात. "मंगळी करून टाकलीस रे तिला," आई पुटपुटली. मी धावत खाली झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मूळ कागद स्कॅन करून घेतला, पाठवला आणि फोन धरून बसलो. तासाभराने उत्तर आलं: आमच्या मुलाला मंगळ आहे, पहिली पत्रिका जुळत होती, ही जुळत नाही. ताई आजही मधेच विचारते, "दुसरा मेल कशाला पाठवलास रे?"