ओटा झाडा, मंग सायकलीचं बघू

"मावशी, उभ्याच हायेत तर तेवढा ओटा झाडून घ्या. मंग बघू सायकलीचं."

असं म्हणून दुकानदारानं दाराआडचा झाडू माझ्या आईकडं सरकवला. पायानं. हातानं न्हाई.

आईनं पदर कमरेला खोचला आणि वाकली.

अंबडच्या बाजारातलं सायकलीचं दुकान. भर दुपार. मी बाहेर उन्हात मोडकी सायकल दोन्ही हातांनी धरून उभी. आत पंख्याखाली कॉलनीतल्या कुण्या साहेबांची मुलगी बसलेली, माझ्याच वयाची. तिच्या सायकलीचा गिअर अडकत होता. तिला चहा आल्ता. "बस बेटा, आत्ता होतंय," असं तो तिला पुन्हा पुन्हा म्हणत होता.

ओटा झाला. "आतलं बी घ्या," तो म्हणला. आई आत गेली. मुलीच्या खुर्चीपाशी झाडू पोचला तसे तिनं पाय वर उचलले. मोबाइलमधून मान वर काढली न्हाई. आईनं तिच्या पायाखालचं झाडलं.

मी सगळं बघत होते. माझ्या कानात नुसता झाडूचा आवाज भरला होता.

सायकल नवी होती. आमची वस्ती वडीगोद्रीपासून आत, उसाच्या पट्ट्यात. कॉलेज वडीगोद्रीला, पण त्या वेळेला एसटी न्हाई. दहावीनंतर बाप म्हणला, "बस झालं." आईनं घरची शेळी विकली आणि सायकल आणली. बिल आईच्या नावावर. घेताना हाच दुकानदार म्हणल्ता, "फ्रेमची वॉरंटी हाय, डोळे झाकून न्या."

दोनच महिन्यांत फ्रेम तुटली. खड्डा न्हाई, धडक न्हाई. साध्या सडकेवर हँडलाखालचा जोड निसटला आणि मी तोंडावर पडले. पुढचा दात अर्धा गेला. तोंडात रक्त आणि माती. तरी पहिलं डोक्यात आलं ते, आता कॉलेज गेलं.

काळीपिवळी जीपच्या टपावर सायकल टाकून मी एकटीच अंबडला गेल्ते. त्यानं जोडावर बोट फिरवलं. म्हणला, "वेल्डिंगच कच्ची हाय. कंपनीचा फॉल्ट. बदलून भेटंल." मला इतकं हलकं वाटलं की दाताचं दुखणं विसरले. मंग त्यानं लिहायला नाव विचारलं. मंग आडनाव. मंग, "वस्ती कोणती?"

मी सांगितलं. त्याचा पेन थांबला.

"तुमच्यात एका सायकलवर अख्खं घर बसतं. मंग फ्रेम तुटंल न्हाई तर काय? गुरुवारी कंपनीचा माणूस येतो, तवा ये."

गुरुवारी गेले. कंपनीचा माणूस आलाच न्हाई. पुढच्या खेपेला तो येऊन गेल्ता. त्याच्या पुढच्या खेपेला दुकानदार जेवायला गेल्ता आणि मला ओट्यावर बी बसू दिलं न्हाई, "गिऱ्हाईक येतंय, बाजूला हो."

घरी बाप म्हणायचा, "सायकल झाली तर कॉलेज. न्हाई तर तुझ्या आत्यानं स्थळ आणलंय." मुलगा ट्रॅक्टरवर जायचा. त्याला मी फोटोत बी नीट पाहिलं न्हाई.

मी पायी जाऊ लागले. दोन्ही अंगाला ऊस, डोक्याच्या वर. एका संध्याकाळी मागून एक मोटारसायकल आली, माझ्या बरोबरीनं हळू झाली. त्यानं लाइट बंद केली. बोलला काही न्हाई. नुसता चालवत राह्यला. मी पळाले. वस्तीचे दिवे दिसेपर्यंत पळाले. आईनं विचारलं, "धापा का टाकून राह्यली?" मी म्हणले, "उशीर झाला म्हणून." खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घराबाहेर सोडलं नसतं. ते गिळून मी रोज त्याच वाटंनं जात होते. झोपेत बी पळत होते.

शेवटी आईनं एक दिवस खुरपणीचं काम सोडलं आणि म्हणली, "चल, मी बोलते त्याला. मोठ्या माणसाचं ऐकंल."

त्यानं मोठ्या माणसाच्या हातात झाडू दिला.

झाडून झालं. साहेबांची मुलगी गिअर नीट करून गेली. आई ओट्याच्या कडंला उभी राह्यली, हात जोडलेले. दुकानदारानं सायकलकडं बघितलं बी न्हाई. म्हणला, "हे बघा मावशी, वॉरंटीत हे बसत न्हाई. पण तुमचा हात साफ हाय. आमची झाडणारी सोडून गेली. दिवाळीपर्यंत रोज सकाळी येत जा, मी फ्रेम बदलून देतो. फुकट."

"येते की, मालक," आई म्हणली. जल्दी म्हणली, त्याचा विचार बदलायच्या आत.

"न्हाई," मी म्हणले.

दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई येणार ती. वॉरंटी हाय. फुकट न्हाई, हक्काचंय."

"हक्क?" तो हसला. गल्ल्यावरचा माणूस बी हसला. "मंग हक्कानं घेऊन जा घरी."

मी सायकल उचलली. चाक फरपटत बाजारातून निघाले. आई मागून येत होती, रडत न्हाई, मला शिव्या देत. काळीपिवळीत ती एकदाच बोलली, "तुला कालेज पायजे का तोंड चालवायला पायजे?"

तिनं माझ्यासाठीच झाडू धरला होता आणि मीच तिचा सौदा मोडला. त्या रात्री ती माझ्याशी बोलली न्हाई. पुढं बी कितीतरी दिवस न्हाई. बापानं आत्याला फोन लावला.

कॉलेजातल्या बाईंना मी विचारलं, की पुस्तकात ग्राहकाचा हक्क लिहिलाय तो आमच्यासाठी बी हाय का. त्यांनी बिल कुणाच्या नावावर हाय ते विचारलं. मंग म्हणल्या, "जालन्याला ग्राहक आयोग आहे. पण बिल आईच्या नावावर असेल तर तक्रार आईलाच करावी लागेल."

आईला मी कसं सांगणार? भाकरी थापताना तिच्यापाशी बसले आणि सांगून टाकलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मंग म्हणली, "त्यानं झाड म्हनलं तवा तू बोललीस. माझ्या तोंडातून का न्हाई निघालं, ह्येचाच इचार करून राह्यले मी. मला सही येती. कुठं करायची सांग."

जालन्याला आम्ही दोघी गेलो. बाईंनी अर्ज लिहून दिल्ता. झाडू मारायला लावला हे त्यात घालायची गरज न्हाई, असं तिथल्या एका माणसानं समजावलं. आई म्हणली, "घाला."

नोटीस गेल्यावर दुकानदार एकदम मऊ झाला. त्यानं बापाला फोन केला. केस मागं घ्या, नवी सायकल घरपोच देतो. बाप माझ्यापुढं रडकुंडीला आला, "घे की गं. झालं गेलं सोड. केसचं ऐकून पाव्हणे थांबलेत."

मी घेतली न्हाई. आई म्हणली, "सायकल त्याला द्यावीच लागंल. पण झाड का म्हनला, ते त्याला आयोगाच्या साहेबापुढं सांगू दे."

अजून काही झालं न्हाई. तारीख पडते, पुढं जाते. मी अजून पायीच जाते. हजेरी कमी भरली म्हणून कॉलेजनं दोनदा बोलावलं. स्थळ मोडलं न्हाई, नुसतं लांबलंय. उसात काही हाललं की अजून पळत सुटते. वर्ष वाया जाईल, हे मला दिसतंय.

जाऊ दे. मी परत त्याच वर्गात बसंन. बापानं लग्न ठरवलं तर मी नको म्हणंन, सगळ्यांसमोर. ज्या तारखेला बोलावतील त्या तारखेला मी आईला घेऊन जालन्याला जाणार. दुकानदाराच्या वकिलानं विचारलं की आडनाव काय, वस्ती कोणती, तर मी मोठ्यानं सांगणार. मंग त्याच्या अशिलाला विचारणार, की हे ऐकल्यावर तुमचा पेन का थांबला.

ह्याचं उत्तर घेतल्याशिवाय केस मागं घेणार न्हाई.