टाकीला पाजलेलं फिनेल

इस्पितळाच्या भटारखान्यामागे खरकट्यापासून गॅस करणारी टाकी होती आणि ती सांभाळायला मावशी. तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. लोक नाकाला रुमाल लावूनच तिच्याशी बोलायचे. घरी सख्खी जाऊसुद्धा तिचं ताट दूर सरकवून वाढायची.

मावशीला किळस यायची ती उष्ट्याची नव्हे, उष्टं टाकणाऱ्यांची. पावात खुपसलेला चमचा, भातात कोंबलेला मोजा, सूपमध्ये सुईचं टोपण! "शिकली-सवरली म्हणे, आणि ताटात थुंकतात मेले," असं पुटपुटत ती सगळं हातानं निवडायची.

ती यायच्या आधी लोक आठवड्याचं खरकटं एकदम ढकलायचे. टाकी आंबून बसायची, शेगडी जेमतेम तासभर जळायची. मावशीनं कचरा बारीक वाटला, कोमट पाण्यात कालवला, तेलकट गाळ नि लिंबाच्या साली बाजूला काढल्या आणि तान्ह्या बाळाला भरवावं तसं दिवसातून तीनदा थोडं थोडं घातलं. टाकीतून बाहेर येणारं पाणी ती रोज हुंगायची. आंबूस वास आला की त्या दिवशी टाकीला उपास. दोन वर्षांत शेगडी चार तास जळायला लागली. आता मोठे साहेब बघायला येणार होते. त्यांना पटलं तर मावशी नोकरीत कायम होणार होती, नाहीतर टाकीच बंद.

नेमकी लेक बाळंत झाली आणि मावशी तीन दिवस तिकडे गेली. साहेबांच्या दिवशी सकाळी परतली, तर सगळं परसदार फिनेलनं घमघमत होतं.

"साहेबांना घाण वास नको, म्हणून परवाच दोन कॅन ओतले टाकीत. स्वतः!" भटारखान्याच्या मॅनेजरनं छाती फुगवून सांगितलं.

मावशीनं टाकीतून आलेलं पाणी हुंगलं. "अहो, आतले जंतू गॅस करतात! मारलेत की सगळे!"

"जंतू? इस्पितळात?" मॅनेजर शहारला.

साहेब आले. काडी ओढली. ज्योत जराशी फडफडली आणि विझली. दुसरी काडी, तिसरी काडी, काही नाही.

"मावशी तीन दिवस गायब होत्या ना, साहेब," मॅनेजर म्हणाला. करून सवरून नामानिराळा!

"यांनी फिनेल पाजलंय टाकीला," मावशी ओरडली. "हुंगून बघा, साहेब!"

साहेबांनी नाकावरचा रुमाल काही काढला नाही. "बंद करा हे," एवढंच म्हणाले.

दोन वर्षं कुजक्या भातात हात घालताना मावशीनं कधी नाक धरलं नव्हतं. आता त्या दोघांच्या मधून जाताना तिनं बाही नाकाला लावली, ती फाटकाबाहेर पडेपर्यंत काढली नाही.