डाव्या पंखाचा रंग

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा माणूस बेंगळुरात अजून जन्मायचाय. त्यांनी मला एका सीटपायी फसवलं. विमान दोन सीटचं होतं, घरी बांधलेलं, आणि दुसरी सीट माझी ठरली होती.

ठरली म्हणजे बोलून ठरली, अक्काच्या स्वयंपाकघरात, अक्का समोर असताना. दाजी विमानांच्या कारखान्यात आयुष्यभर आराखडे काढून निवृत्त झालेले. परदेशातून टपालाने नकाशे मागवून त्यांनी घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं होतं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, लाकडी फासळ्यांचे पंख आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. शहरात ज्याला त्याला काहीतरी नवं करायचं होतं, तसं त्यांना हे.

सगळं त्यांना जमत होतं, रंग सोडून. रंग माझा धंदा. मॅट्रिक नापास झाल्यावर मी ब्रश हातात धरला, लोकांच्या खिडक्यांचे गज रंगवले, आणि पुढे पीण्याला, शहराच्या औद्योगिक वसाहतीत, स्वतःचा स्प्रे पेंटिंगचा कारखाना काढला. विजेच्या पॅनेलच्या पेट्या माझ्याकडे रंगायला येत. मी दाजींना सांगितलं, रंगकाम माझं, मजुरी नको, पण दुसरा माणूस बसवायची परवानगी मिळेल त्या दिवशी पहिला मी बसणार. लहानपणापासून डोक्यावरून विमानं जाताना बघितली होती. तिकीट काढून बसणं पुढे परवडलंही असतं, पण मला बसायचं होतं ते मी रंगवलेल्या पंखांमध्ये. दाजी म्हणाले, "सरी." कानडीत ठीक आहे, एवढंच. खिळे विकणाऱ्याकडून मी पावती घेतल्याशिवाय हलत नाही. पण बहिणीच्या नवऱ्याकडे लेखी कोण मागतं?

पहिली कुरबुर रंग निवडतानाच झाली. दाजींना गडद निळा हवा होता, मोटारीसारखा चकचकीत. पेट्यांवर मी तोच रंग मारत होतो, काचेसारखा कडक बसतो. पण पेटी वाकत नाही आणि कापड हलतं. मी बोलत बसलो नाही. एका लाकडी चौकटीवर तेच कापड ताणलं, अर्ध्यावर मोटारीचा रंग मारला, अर्ध्यावर डोप. डोप म्हणजे कापडात मुरून त्याची कातडी करणारा पातळ, वार्निशसारखा द्रव. त्यातच रंग मिसळून वरचे हातही देता येतात. वाळल्यावर चौकटीवर बोटांनी ढोलकीसारखं वाजवलं आणि आठवडाभर ती पत्र्याच्या छपरावर उन्हात टाकली. मोटारीच्या रंगाला केसांसारख्या चिरा पडल्या. डोपची बाजू जशीच्या तशी.

दाजी चौकट उलटसुलट करून बघत राहिले. शेवटी म्हणाले की पुस्तकातही असंच लिहिलंय. मग आधी का नाही बोललात, असं मी विचारलं, तर हसले. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. हा माणूस ठाऊक असलेली गोष्ट पोटात ठेवून दुसऱ्याला दमवतो.

निळाही मी रद्द करवला. गडद रंग ऊन पितो आणि खालचं कापड शिजतं. क्रीम रंग, कडेला एक लाल पट्टा, झळाळी बेताची. खाली ॲल्युमिनियमची पूड घातलेले चंदेरी हात, म्हणजे ऊन कापडापर्यंत पोचत नाही. चंदेरी पुरेसा बसला की नाही ते बघायला पंखाच्या आत दिवा धरायचा. बाहेरून उजेड दिसला तर अजून एक हात. हे सगळं मी दाजींच्याच पुस्तकातल्या चित्रांवरून आणि माझ्या अकलेने ठरवलं होतं.

नवरात्रात डाव्या पंखाला कापड बसवून झालं. दाजींनी इस्त्री फिरवून ते असं ताणलं होतं की टिचकी मारली तर तंबोऱ्यासारखं घुमायचं. मी सगळ्यांना बजावलं: पहिला हात बसेपर्यंत या कापडाला कुणी बोट लावायचं नाही. हाताचा घामसुद्धा नको. जिथे तेलकट असेल तिथे डोप धरत नाही. दाजींनी मान डोलावली, अक्काने डोलावली, अक्काच्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनीही डोलावली.

खांडेनवमीला मी पीण्यात होतो. त्या दिवशी पीण्यात कुणी दुसरीकडे असूच शकत नाही. प्रत्येक शेडच्या दाराला केळीचे खांब, प्रत्येक लेथला झेंडूची माळ, गेटवर फोडलेले कोहळे. मी कॉम्प्रेसरची पूजा केली, टेंपोच्या चाकांखाली लिंबं ठेवली, कामगारांना चुरमुरे आणि मिठाई वाटली आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला अक्काकडे गेलो.

शेडमध्ये डावा पंख गुलाबी झाला होता.

दाजींनी डोपचे पहिले दोन हात स्वतःच ब्रशने देऊन टाकले होते. आदल्या दिवसापर्यंत हा माणूस म्हणत होता की पहिला हात तूच दे. मी विचारलं, घाई कसली होती? म्हणाले, हवा कोरडी होती, पाऊस आला असता तर दमटपणाने डोप दुधासारखा पांढरा पडला असता. हे खरं होतं. मी विचारलं, आणि हा गुलाबी? म्हणाले, डोपमध्ये स्वल्प रंग घातला की ब्रश कुठे सुटला ते दिसतं. हेही खरं होतं. दोन्ही उत्तरं खरी होती आणि तरी मला ती रुचली नाहीत. गिऱ्हाईक न विचारता दोन कारणं सांगतं तेव्हा माल परत येणार हे मला धंद्याने शिकवलंय. पण इथे विचारलं मीच होतं, म्हणून गप्प बसलो.

उजव्या पंखाचं कापड दसऱ्यानंतर चढलं. त्याला पहिला हात मी दिला, साधा, बिनरंगाचा. मग दोन्ही पंख टेंपोत चादरी अंथरून पीण्याला नेले आणि हवा कोरडी झाल्यावर स्प्रे सुरू केला. उजवा पंख लोण्यासारखा झाला. डाव्यावर मात्र तीन-चार ठिकाणी रंग मागे सरकायचा, अळूच्या पानावरून पाणी सरकतं तसा, आणि टिकलीएवढे खड्डे राहायचे. कॉम्प्रेसरमधून तेल येतंय का ते आधी बघितलं. स्वच्छ. मग राहिलं थिनर.

डावा पंख पहिल्या डब्यावर झाला होता, उजवा दुसऱ्यावर. म्हणून मी इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात गेलो. ज्याच्याकडून डोप आणि थिनर घेतलं तो दुकानदार जुना, पक्का, माझ्याइतकाच घासाघीस करणारा. डब्यात भेसळ केलीस असं मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, आणि आणखी बरंच काही म्हणालो. त्याने शांतपणे पान थुंकलं, माझ्याच डब्यातलं उरलेलं थिनर काचेवर ओतलं आणि ते उडून जाईपर्यंत आम्ही दोघं बघत उभे राहिलो. काचेवर काहीही राहिलं नाही, एक वर्तुळसुद्धा नाही.

"अण्णा," तो म्हणाला, "माझा डबा तर सीलबंद होता. तुमचं कापड सीलबंद होतं का?"

मी त्याला अजून चार शब्द सुनावून निघालो. पुढे दोन वर्षं त्याने मला उधारीवर काडेपेटीसुद्धा दिली नाही. त्या भांडणाचं पापही दाजींच्याच माथी.

खड्डे घासले, भरले, पुन्हा मारलं. क्रीम रंग चढला तेव्हा दोन्ही पंख सारखे दिसले. विमान जक्कूरच्या छोट्या विमानतळावर नेऊन जोडलं. त्या दिवशी मी पंखावरून हात फिरवत एवढ्या फेऱ्या मारल्या की अक्का म्हणाली, "अरे, लग्न लावायचंय का त्याच्याशी?"

उन्हाळा संपता संपता तपासणीसाठी एक अधिकारी आले. फार बोलणारे नव्हते. त्यांनी पंखावर चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. उजव्यावर काही नाही. डाव्यावर मुळाजवळ ओढली, तर पट्टीबरोबर क्रीम, चंदेरी, गुलाबी असा सगळा पापुद्रा निघून आला, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा. खाली नुसतं कापड. त्यांनी आणखी दोन ठिकाणी ओढली, तिथेही तेच. सांगितलं की या पंखाचं कापड काढून नव्याने करा.

मग दाजी त्यांना म्हणाले, अगदी हळू आवाजात, जणू मी तिथे नव्हतोच:

"रंगकाम बाहेर झालं, सर. पेट्या रंगवणारे लोक. त्यांना विमानाचं काय कळणार?"

मी तिथेच उभा होतो, हातात पॉलिशचं फडकं. माझा राग सगळ्या पीण्याला ठाऊक आहे. मी फोरमनच्या अंगावर ब्रश फेकलेत. पण बहिणीच्या नवऱ्याला परक्या माणसासमोर बोलायचं नसतं हे आमच्याकडे दूध पिताना शिकवतात. मी फडकं घडी करून विमानाच्या चाकावर ठेवलं आणि बाहेर आलो.

नंतर पंखाला कापड पुन्हा चढलं, पण माझ्याकडे काम आलं नाही. दाजींचे कारखान्यातले एक जुने सहकारी मदतीला आले, कापडही त्यांनीच मिळवलं. विमान उडालं. दुसरा माणूस बसवायची परवानगी मिळाली तेव्हा मागच्या सीटवर ते सहकारी बसले. हे मला अक्काने फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती इतकी भराभर बोलली की तिलाही ते नीट वाटत नव्हतं हे मला कळलं.

जुनं कापड मात्र मी मागून घेतलं होतं. टाकूनच देणार आहात ना, मग मला द्या. दाजी क्षणभर थांबले होते. देऊ नये असं त्यांच्या मनात होतं, पण चिंधी नाकारायला कारण सुचलं नाही.

पीण्यात मी ते कापड जमिनीवर अंथरलं. भेसळ असती तर रंग कुठेही सुटला असता. हा सुटला होता तो रांगेत, पंखाच्या पुढच्या कडेला, मुळाशी, मध्ये आणि टोकाला, प्रत्येक जागा तळहाताएवढी. उभ्या माणसाचा हात सहज पोचेल तिथे. थिनरने उरलेला गुलाबी धुतला. खाली पिवळं निघालं. मी पुन्हा धुतलं, साबण लावला, घासलं. पिवळं गेलं नाही. हळद कापडातून जात नाही.

तेव्हा मला सगळं दिसलं. लोखंडावर कोरडं हळदकुंकू टिकत नाही, गळून पडतं. म्हणून आमच्याकडे खांडेनवमीला यंत्रांना ते तेलात कालवून लावतात. लेथला, शिलाई मशीनला, मोटारीला. आणि त्या वर्षी कापडाच्या पंखाला.

भाऊबीजेला मी अक्काकडे गेलो. ओवाळून झालं, फराळ झाला. तिच्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं, की गेल्या वर्षी नवमीला विमानाची पूजा केली होती ना? म्हातारीचा चेहरा उजळला.

"केली की. मीच केली," त्या म्हणाल्या. "एवढं मोठं यंत्र घरात, आणि पूजेवाचून ठेवायचं? तीन ठिकाणी लावलं, खोबरेल तेलात कालवून. ह्यानं नंतर पुसलं सगळं. मला म्हणाला, बरं केलंस आई."

दाजी चिवड्याची वाटी हातात धरून बसले होते. खात नव्हते. मी त्यांना शेडमध्ये चला म्हणालो. तिथे फक्त लाकडाचा भुसा आणि रिकामे स्टँड होते. मी त्यांना कापडाचा पिवळा तुकडा दाखवला. मला वाटलं होतं, नाकारतील. नाकारलं असतं तर मी सहज सुटलो असतो, ओरडलो असतो. त्यांनी तुकडा हातात घेतला, अंगठ्याने डाग चोळला.

"पेट्रोलने पुसलं होतं मी," ते म्हणाले. "वाटलं, गेलं. गुलाबी मारला तो आईला वाईट वाटू नये म्हणून. तू डाग बघितला असतास तर घर डोक्यावर घेतलं असतंस. तिनं हौसेनं केलेलं. ह्या वयात तिचं नाव कशाला घ्यायचं?"

मी घर डोक्यावर घेतलं असतं हे खरं आहे. आणि मग कापड उतरवून दुसरं चढवलं असतं, नवरात्र संपायच्या आत, आणि त्या पट्टीबरोबर काहीही निघालं नसतं.

तो तुकडा मी त्यांच्याकडेच ठेवून आलो. त्याला आता बरीच वर्षं झाली. अक्काकडे माझं जाणंयेणं आहे, दाजी मला अजून स्वतः उठून पाणी आणून देतात, आणि विमानाचा विषय निघाला की दोघंही खिडकीबाहेर बघतो. अक्का म्हणते, सोड आता, विमानच विकलं त्यांनी. विकलं असेल. मी सोडलेलं नाही.

दाजी, हे तुम्ही वाचणार, कारण अक्का तुम्हाला वाचायला देणार. आईचं नाव घ्यायचं नव्हतं, सरी. मीही घेतलं नसतं. मग माझं का घेतलंत? कापड खराब होतं म्हणाला असतात, हवा दमट होती म्हणाला असतात, तुमच्याकडे कारणांना कधी तोटा होता? ते अधिकारी आहेत, तुमचे ते सहकारीही आहेत. त्या दोघांना एकदा घरी बोलवा, मलाही बोलवा, आणि माझ्यासमोर त्यांना सांगा की डाव्या पंखाचा रंग पेट्या रंगवणाऱ्याने बिघडवला नव्हता. कधी बोलावताय, तेवढं कळवा.