तेराव्या नटीचं नाव

पंचावन्नाव्या वर्षी लेखणी हाती धरण्याचं धाडस करते आहे, आणि विषयही असा निवडला आहे की त्यातलं मला फारसं कळत नाही. या दोन्ही आगळिकींबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु आमच्या वरच्या मजल्यावरचे काका हे बंगळूरच्या जे. पी. नगरातले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सबंध भारतातले, शंभर वर्षांपूर्वीच्या सर्बियन नट्यांचे एकमेव पालक आहेत, हे कोणीतरी लिहून ठेवायलाच हवं.

काका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. कामासाठी बेलग्रेडला गेले असताना तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले तेरा फोटो आणले. साऱ्या जणी रंगभूमीवरच्या नट्या, पण स्टुडिओतल्या रंगवलेल्या डोंगरापुढे भरतकामाची जाकिटं आणि नाण्यांच्या माळा घालून खेडूत वेशात उभ्या. निवृत्तीनंतर काका तिथली लिपी शिकले, पत्रं लिहिली, बारा जणींची नावं मिळवली आणि त्यांना दिवाणखान्यात मानाने लावलं. तेरावा खिळा रिकामाच आहे. "नाव कळल्याशिवाय बाईला भिंतीवर टांगायचं नाही," हा त्यांचा दंडक.

या तेरावीसाठी त्यांनी तिच्या जाकिटावरच्या वेलबुट्टीचं गाव शोधायला घेतलं. त्यात तीन वर्षं गेली. गाव सापडलं, तिथल्या शाळामास्तरांचं उत्तरही आलं: अशी नटी आमच्याकडे कधी नव्हती. काका दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा त्यांच्या पत्नीने, बंगळूरच्या जुन्या मराठी शिंपी घराण्यातल्या अक्कांनी, प्रथमच भिंग हाती घेतलं.

"अहो, हे जाकीट तिचं नव्हेच. खांद्यावर स्वल्प उतरलंय बघा, आणि कमरेला टाचण्या लावून आवळलंय. त्या चौथीच्या अंगावर हेच आहे, तेच बटण तुटलेलं. कपडे स्टुडिओचे!"

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"मला विचारलंत कुठे? तुम्ही मास्तरांना विचारत होतात."

"सरी, ठीक आहे," काका म्हणाले, "कपडे सोडले. आता चेहरा."

तेव्हापासून ते तो फोटो सर्वांना दाखवतात. हेब्बाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवला. एका रिक्षावाल्याने सिग्नलला नीट निरखून, ही होसकोट्याच्या माझ्या आत्यासारखी दिसते, असं सांगितलं. काकांनी तेही वहीत टिपून घेतलं.

"काका, त्याला कसं ठाऊक असणार?" मी न राहवून म्हटलं.

"मला तरी कुठे ठाऊक आहे? विचारायला लाज कसली?"

काकांचा डावा डोळा पूर्वीच गेला होता. उजवाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं. काका आता रोज सकाळी खिडकीपाशी बसून तिचा चेहरा पाठ करतात. "नंतर नाव कळलं तरी चालेल," ते म्हणाले, "पण कुणाचं ते आठवायला हवं ना." मग माझ्याकडे वळून, "अगं, तू हल्ली लिहितेस ना? मग तिथे विचार की."

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. त्यांनी एकही ऐकला नाही. म्हणून विचारते. उंच बांधा, डाव्या भुवईवर बारीक व्रण, ओठांत दाबलेलं हसू. आपण हिला ओळखता का?